शाळेच्या कपाटातून पीएचडीकडे : शैक्षणिक प्रशासनात संशोधन करू पाहणाऱ्या शिक्षक-मुख्याध्यापकांसाठी

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेच्या कपाटात एक शेरेबुक असतं. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, क्वचित गटशिक्षणाधिकारी भेटीला आले की त्यात शेरा लिहितात, सही करतात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारी म्हणून, मीही असे कितीतरी शेरे लिहिले. एका दुशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक चहा सांगायला बाहेर गेले होते, तेवढ्यात मी मागची पानं चाळत बसले. पाच वर्षांत चार वेळा तेच वाक्य : 'इयत्ता तिसरीतील विद्यार्थ्यांचा वजाबाकीचा सराव घ्यावा.' त्यातलं दोनदा माझ्याच अक्षरात. लिहिलेल्या शेऱ्याचं पुढे काय होतं, हे मला, लिहिणारीलाच, ठाऊक नव्हतं. माझी पीएचडी त्या पानावर सुरू झाली.

नंतर अनेक शिक्षक-मुख्याध्यापकांनी विचारलं, की नोकरी सांभाळून हे कसं करायचं, सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला फोनवर सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे.

पदवी नेमकी कशातली

जाहिरातीत 'शैक्षणिक प्रशासन' शोधाल तर बहुधा सापडणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत पदवी मिळते ती 'शिक्षणशास्त्र' या विषयात. प्रशासन, व्यवस्थापन, नियोजन, धोरण ही त्यातली क्षेत्रं. म्हणून प्रवेशाची सूचना शिक्षणशास्त्राखाली पाहा आणि आपलं क्षेत्र विषयाच्या निवडीतून ठरवा. फक्त याच क्षेत्राला वाहिलेली संस्था म्हणजे नवी दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे नीपा. १९६२ मध्ये युनेस्कोच्या केंद्रातून तिची सुरुवात झाली आणि २००६ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या 'मिपा' या राज्याच्या संस्थेशी तिची गल्लत करू नका. मिपाचं मुख्य काम अधिकारी-मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचं आहे. पीएचडीसाठी तुम्हाला विद्यापीठच गाठावं लागेल.

पात्रता एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातली एम.ए., किमान ५५ टक्के गुणांनी. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. आपल्याकडच्या अनेक मुख्याध्यापकांनी मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केलेली असते. ती कामाला फार उपयोगी आहे, पण पदव्युत्तर पदवीची जागा तिला घेता येत नाही. एम.एड. झालेलं नसेल तर आधी ते.

सगळ्याचा आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेले पीएचडीचे नियम. ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. दुसऱ्याने सांगितलेल्या नियमांवर विसंबून लोकांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. भगिनींनो, ही तरतूद माहीत नसल्याने नोंदणी सोडून देऊ नका.

अर्धवेळ पीएचडी चालते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी चालत नाही. 'घरबसल्या पीएचडी'ची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका, पुढचं काही ऐकूनही घेऊ नका.

आधी प्रश्न, मग मार्गदर्शक

बहुतेक जण उलटं करतात. मार्गदर्शक शोधतात आणि 'सर, एखादा विषय सुचवा' म्हणतात. सुचवलेला विषय सहा वर्षं ओढत नेणं फार जड जातं. मुलांच्या परीक्षा, निवडणुकीचं काम, संचमान्यतेची (शिक्षकपदांच्या मंजुरीची) धावपळ, घरचं आजारपण यांतून रात्री दहा वाजता टेबलाशी बसायला लावतो तो तुमचा स्वतःचा प्रश्न.

प्रश्न कुठे सापडतो? तुमच्याच कामात, आणि तोही बहुधा कंटाळवाण्या कागदांत. शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त घ्या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. इतिवृत्ताची वही उघडली की सह्या असतात, अंगठे असतात. पण सगळे ठराव एकाच शाईत, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत लिहिलेले वाटतात का? सभेत खरंच कोण बोलतं? महिला सदस्य काय म्हणतात आणि वहीत काय उतरतं? हा एक प्रबंध झाला. शालार्थ, सरल, यू-डायस प्लस या ऑनलाइन प्रणालींच्या नोंदी भरण्यात मुख्याध्यापकाचा आठवड्याचा किती वेळ जातो आणि त्याच्या वर्गातल्या तासिका कोण घेतं? हा दुसरा. खासगी अनुदानित शाळेत संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांच्यात निर्णयाचा अधिकार १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत कुठे आहे आणि प्रत्यक्षात कुठे आहे? हा तिसरा, आणि जरा धाडसाचा.

आता 'सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या प्रशासनाचा चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक पाहा. वजनदार वाटतं, पण त्यात प्रश्नच नाही. काय शोधायचं आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून काय वाचायचं, कुणाला भेटायचं, कुठे थांबायचं हेही कळत नाही. मी स्वतः लिहिलेलं पहिलं शीर्षक जवळपास असंच होतं. ते खोडून मी एवढंच लिहिलं : शाळाभेटीत नोंदवलेल्या शेऱ्यांची पूर्तता कोणत्या शाळांत होते, कोणत्या शाळांत होत नाही, आणि का? यातल्या 'का'ने पुढची सगळी वाट दाखवली.

एक सोपी कसोटी. तुमचा प्रश्न शाळेतल्या सहकाऱ्याला दोन वाक्यांत सांगा. तो म्हणाला, 'हो हो, आमच्याकडे तर उलटंच होतं,' तर प्रश्न जिवंत आहे. तो नुसता 'छान विषय आहे' म्हणाला तर अजून घासायला हवा.

प्रश्न हाती आला की दोन-तीन महिने वाचा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य आहेत, मराठीतलेही. आपल्या विषयाजवळचे दहा-बारा प्रबंध उतरवा आणि आधी त्यांचं शेवटचं प्रकरण वाचा. 'पुढील संशोधनासाठी विषय' या मथळ्याखाली पुष्कळदा आपलीच वाट दिसते. मुळापर्यंत जायचं तर १९६४-६६ चा कोठारी आयोगाचा अहवाल हवा. आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. जवळच्या शाळांचा गट करून त्यांनी एकमेकींना आधार द्यायचा, ही 'शाळा संकुला'ची कल्पना त्या अहवालात आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा मांडली आहे. केंद्रशाळा, समूह शाळा यांच्यावर लिहिणाऱ्याने मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या कल्पनेचं काय झालं हे वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. पुण्यात कोथरूडला नाईकांनीच उभी केलेली भारतीय शिक्षण संस्था आहे. या क्षेत्रातल्या माणसाने तिथे एकदा तरी जाऊन यावं.

मार्गदर्शक निवडताना

नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून दोन गोष्टी नम्रपणे पण स्पष्ट विचारा : जागा रिकामी आहे का, आणि निवृत्ती कधी. यात कुणी राग मानत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या हाताखाली आधी ज्यांनी पीएचडी केली त्यांच्यातल्या दोघांशी बोला. प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून मिळतं? मराठीतला प्रबंध चालतो का? नोकरदार विद्यार्थ्याला शनिवार-रविवारी वेळ देतात का? नावाजलेल्या पण वर्षातून दोनदा भेटणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा महिन्याला एक तास नेमाने देणारा मार्गदर्शक शतपटीने बरा. जाताना दोन पानांचं टिपण घेऊन जा : प्रश्न काय, का पडला, आतापर्यंत काय वाचलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी नंतर सांगितलं, की त्यांनी होकार दिला तो गुणपत्रिका पाहून नाही, शेरेबुकाच्या पानाची ती गोष्ट ऐकून.

प्रवेश

२०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश देता येतो. 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' अशीही एक श्रेणी त्यात आहे आणि ते गुण एक वर्ष चालतात. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, घेतात. त्या वर्षीची सूचना नीट पाहून अर्ज करा. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात, आणि निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. संशोधन पद्धतीचा अभ्यास इथे मनापासून केलात तर तो पुढे कोर्सवर्कला, म्हणजे प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमालाही, कामी येतो.

मुलाखतीत नोकरदार उमेदवाराला हमखास विचारतात, 'वेळ कुठून काढणार?' 'मॅनेज करीन' असं म्हणू नका. रोज पहाटे पाच ते साडेसहा, दिवाळीची सुट्टी माहिती संकलनाला, मे महिना लेखनाला, असं ठरवून जा आणि तसंच सांगा.

ना हरकत आणि परवानगी : दोन वेगळे कागद

अर्धवेळ विद्यार्थ्याला कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, असं स्पष्ट हवं. नुसतं 'हरकत नाही' लिहिलेला कागद विद्यापीठातून परत येतो. मसुदा स्वतः तयार करून न्या, म्हणजे लिपिकालाही सोपं जातं.

अर्ज 'योग्य मार्गाने' म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर जातो आणि वाटेत कुठेतरी थांबतो. माझा अर्ज एका कार्यालयात पाच महिने पडून होता. त्याच्यावर कुणी नाही म्हटलं नव्हतं, फक्त तो दुसऱ्या फायलीत गेला होता. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यावर दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी हलले नाही. क्रमांक हातात असला की विचारायला जाता येतं. तो नसला की नुसती विनवणी करावी लागते. प्रवेशाची सूचना निघायची वाट पाहू नका, त्याआधी सहा महिने अर्ज द्या.

शाळांमधून माहिती गोळा करायची परवानगी ही वेगळी. ती शिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्या आणि कोणती कागदपत्रं पाहणार, ती शाळेबाहेर नेणार नाही, शाळेचं नाव छापणार नाही, हे त्यात लिहा. माहितीच्या अधिकारातही कागद मिळतात. पण ज्या मुख्याध्यापकाशी उद्या तासभर मनमोकळं बोलायचं आहे त्याला आज माहिती अधिकाराचा अर्ज पाठवू नये, असं माझं मत आहे.

कोर्सवर्क

किमान बारा क्रेडिट्स, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा, आणि किमान ५५ टक्के गुण. सांख्यिकीला घाबरणारे बरेच असतात. एक्सेलमध्ये स्वतःच्या शाळेची हजेरी घालून मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध काढून पाहा. आपल्या मुलांचे आकडे असले की भीती जाते.

खुर्ची बाजूला ठेवणं

हा भाग सगळ्यात अवघड आणि पुस्तकांत सगळ्यात कमी लिहिलेला. शैक्षणिक प्रशासनात संशोधन करणारा माणूस पुष्कळदा स्वतःच प्रशासक असतो. तो प्रश्नावली घेऊन गेला की समोरचा उत्तर देतो ते संशोधकाला नव्हे, त्याच्या खुर्चीला.

मी चाळीस विधानांची प्रश्नावली केली होती. पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत, पाच रकाने. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत वाटली आणि अर्ध्या तासात भरून परत मिळाली. घरी येऊन पाहते तर पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा. 'शाळाभेटीतून मला मार्गदर्शन मिळते' : पूर्णतः सहमत. 'शेऱ्यांची पूर्तता वेळेत होते' : पूर्णतः सहमत. एकाने तर 'शाळाभेटीमुळे ताण येतो' या उलट्या विधानालाही तीच खूण केली होती, म्हणजे वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, 'बाई, गोपनीय अहवाल तुमच्या शिफारशीनं जातो. कागदावर नाव नसलं म्हणून काय झालं, आमचं अक्षर तुम्ही ओळखता.'

ती सगळी माहिती मी बाजूला ठेवली. प्रबंधात तिचा उपयोग एकाच ठिकाणी केला : पद्धतीच्या प्रकरणात, काय चुकलं हे सांगायला. पुढे तीन बदल केले. नमुन्यातून माझं केंद्र आणि माझा तालुका काढून टाकला, आणि माझा काही अधिकार चालत नाही अशा तालुक्यातल्या तीस शाळा घेतल्या. मतांपेक्षा कागदाला आधी धरलं : पाच वर्षांची शेरेबुकं, प्रत्येक शेरा एक्सेलच्या एका ओळीत. तारीख, कोणाचा, कशाबद्दल, पूर्ततेची नोंद आहे का. आणि मुलाखती कार्यालयात घेतल्या नाहीत. शाळा सुटल्यावर वर्गात, मुलांच्या बाकावर, समोरासमोर. खुर्ची-टेबल मध्ये नसलं की माणसं वेगळं बोलतात, हे मी पैजेवर सांगते.

कागद वाचताना सावध राहा. 'पूर्तता केली' असं लिहिलं म्हणजे ती झालीच असं नाही, आणि नोंद नाही म्हणजे काम झालं नाही असंही नाही. एका शिक्षिकेने वजाबाकीसाठी चिंचोक्यांचे गठ्ठे करून महिनाभर सराव घेतला होता. वहीत त्याची एक ओळ नव्हती. म्हणून शेरेबुक, मुलाखत आणि वर्गातली वही, तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

गोपनीयतेचंही असंच. 'शाळा क' लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण दहा-बारा शाळांच्या केंद्रात 'नदीपलीकडची, पहिली ते चौथी, एकच महिला शिक्षिका' एवढं लिहिलं की सगळ्या तालुक्याला शाळा कळते. तालुक्याचं नाव गाळा, ओळखू येणारे तपशील काढा आणि ज्यांचे शब्द उद्धृत करणार त्यांना तो उतारा आधी दाखवा. माझ्या दोन मुख्याध्यापकांनी आपले उतारे मागे घेतले. ते फार चांगले उतारे होते. तरी काढले.

लिहिताना

पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकन करा. जुन्या फाँटमध्ये केलेलं काम दुसऱ्या संगणकावर उघडत नाही, वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीला ते नीट वाचता येत नाही, आणि चारशे पानं पुन्हा टंकित करायची वेळ येते. संदर्भांसाठी झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसं आहे. संज्ञांची एक वही ठेवा : उत्तरदायित्व की जबाबदारी, पर्यवेक्षण की तपासणी. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी उपयोगी आहेत.

दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून द्यावं लागतं, साठपर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणी रद्द होते. हे आयोगाचे २०१८ चे नियम. शासननिर्णय आणि कायद्याची कलमं पानभर उतरवायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे. कलम परिशिष्टात द्या आणि प्रकरणात त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.

शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, मात्र विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती विचारून घ्या. आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे. त्यामुळे 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. आणि कुणी प्रबंधच लिहून देतो म्हणाला तर नका. व्हायवात, म्हणजे शेवटच्या मौखिक परीक्षेत, ते उघडं पडतं, आणि नाही पडलं तरी उद्या शिक्षकांना प्रामाणिक नोंदी ठेवा असं तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

सादरीकरण आणि त्यानंतर

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ती औपचारिकता समजू नका, अडलेलं तिथे बोला. शेवटी पूर्वसादरीकरण, मग प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते. नियमाप्रमाणे सादर केल्यापासून सहा महिन्यांत हे पूर्ण व्हायला हवं. व्हायवात बहुतेक प्रश्न पद्धतीवर येतात : हाच नमुना का, ही प्रश्नावली का टाकून दिली. चूक लपवली नसेल तर उत्तर सोपं जातं. मला त्या चाळीस विधानांवरच सर्वांत जास्त विचारलं गेलं.

एक काम मात्र व्हायवाच्या आधीच करून ठेवा. प्रबंधाचा साध्या मराठीत दोन पानी गोषवारा लिहा, कोष्टकं आणि परिभाषा न वापरता, आणि ज्या शाळांनी कपाटं उघडून दिली त्या प्रत्येक शाळेसाठी एक प्रत काढा. पदवी मिळाल्याचं नोटिफिकेशन हातात आलं की ती प्रत घेऊन त्या शाळांत जा आणि मुख्याध्यापकांपुढे बसून वाचून दाखवा. माझ्या तीस शाळांना दोन महिने लागले, दर शनिवारी चार-पाच. एका शाळेत बाईंनी गोषवारा ऐकून शेरेबुक काढलं, त्यातला एक जुना शेरा मला दाखवला आणि म्हणाल्या, 'याचं काय झालं ते आता लिहू का?' मी पेन पुढे केलं.